फवारणी शेतात, खटला हातगाडीवर

कापूरबावडी ओलांडली की उजव्या हाताला खाडीच्या अंगाने कोलशेत रस्ता सुरू होतो. आमच्या ठाण्याच्या जुन्या वाचकांना हा रस्ता कारखान्यांचा म्हणून आठवत असेल. बायरचा कारखाना याच रस्त्यावर होता. शेतकरी ज्याला नुसते 'औषध' म्हणतो, ती पिकांवर फवारण्याची रसायने तिथे तयार होत. पुढे सॅन्डोज होती, तिचीच नंतर क्लॅरियंट झाली. २०१० नंतरच्या काही वर्षांत या दोन्ही कंपन्यांच्या जमिनी गृहबांधणी व्यावसायिकांनी घेतल्या आणि भोंग्यांच्या जागी तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोलशेतला ग्रँड सेंट्रल पार्क नावाचे मोठे उद्यानही सुरू झाले. सकाळी लोक तिथे फिरायला येतात आणि परतताना फाटकाबाहेरच्या गाड्यांवरून पपई, केळी, डाळिंब घेऊन घरी जातात.

या गाड्या लावणाऱ्यांत आपली बागवान मंडळी बरीच आहेत. कुणी राबोडीतून येतो, कुणी मुंब्र्यातून, कुणी थेट भिवंडीहून. फळांचा धंदा या बिरादरीत पिढीजात आहे. नावातच बाग आहे. मागील आठवड्यात आम्ही या रस्त्यावर गेलो ते एका तक्रारीची शहानिशा करण्यासाठी. तक्रार अशी की, अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी येऊन फळांचे नमुने नेतात, मग महिनोन्महिने काही कळत नाही आणि एके दिवशी नोटीस येते. फवारणी केली शेतकऱ्याने, माल विकला दलालाने आणि नोटीस मात्र गाडीवाल्याला. ही तक्रार खरी की खोटी, आणि खरी असेल तर कायदा काय म्हणतो, हे पाहणे आम्हास आवश्यक वाटले.

एका वयस्क बागवान चाचांजवळ आम्ही थांबलो.

"चाचा, माल कुठला?"

"मार्केटचा, भाईजान. दुसरीकडून कुठून आणणार?"

"मार्केटमध्ये कुणाकडून?"

त्यांनी गाळ्याचा नंबर सांगितला. बिल आहे का, असे विचारताच त्यांनी खिशातून बोटभर कागदाचा कपटा काढला. त्यावर पेनाने तीन आकडे होते. नाव नाही, तारीख नाही, मालाचा उल्लेखही नाही. फळबाजारातील बहुतेक किरकोळ व्यवहार या कच्च्या चिठ्ठीवर चालतो. या कपट्यापाशीच सारे प्रकरण येऊन थांबते, ते कसे, ते पुढे येईलच.

दोन गुन्हे, एक गल्लत

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ग्राहकांप्रमाणेच पुष्कळ विक्रेतेही या दोहोंची गल्लत करतात. फळ कृत्रिम रीतीने पिकवणे हा एक विषय आहे आणि फळात कीटकनाशकाचा अंश उरणे हा दुसरा.

पिकवण्याच्या बाबतीत मुख्य आरोपी कार्बाइड. वेल्डिंगच्या दुकानात मिळणारा हा राखाडी खडा कागदाच्या पुडीत बांधून आंब्याच्या पेटीत ठेवतात. हवेतील ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि फळाचा रंग एक-दोन दिवसांत पालटतो. रंग पालटतो एवढेच; गर आतून आंबट आणि कच्चाच राहू शकतो. शिवाय हा औद्योगिक माल असल्याने त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. त्यावरील बंदी नवी नाही. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांतही ती होती आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील २०११ च्या विनियमांतही ती कायम राहिली. २०१५ मध्ये हैदराबादच्या उच्च न्यायालयाने या विषयाची आपण होऊन दखल घेतली होती आणि कार्बाइड वापरणाऱ्यांविषयी अत्यंत कठोर भाषा वापरली होती.

बंदी आणि पर्याय हे दोन्ही बरोबर यायला हवे होते. पर्यायाला मात्र उशीर झाला. इथिलीन वायू फळ स्वतःच पिकताना सोडते. तोच बंद खोलीत मोजून सोडला तर फळ नीट पिकते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये इथिलीनला हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत परवानगी दिली. म्हणजे कार्बाइड वापरू नका हे विक्रेता कित्येक दशके ऐकत होता, पण मग काय वापरू, याचे अधिकृत उत्तर त्याला २०१६ मध्ये मिळाले.

मे २०२५ मध्ये प्राधिकरणाने सर्व राज्यांना पुन्हा पत्र पाठवले आणि मंडया, गोदामे व वखारींवर विशेष मोहीम घेण्यास सांगितले. त्या पत्रातील दोन मुद्दे आमच्या व्यापारी वाचकांनी नीट लक्षात ठेवावेत. पहिला, गोदामात किंवा फळांच्या क्रेटजवळ कार्बाइड सापडले, तर तोच परिस्थितीजन्य पुरावा धरून खटला भरता येईल. 'ती पुडी आमची नाही, शेजारच्या वेल्डिंगवाल्याची आहे', हे आता चालणार नाही. दुसरा मुद्दा केळीवाल्यांसाठी आहे. इथेफॉनच्या पाण्यात घड किंवा फण्या बुडवून पिकवण्याची पद्धत पुष्कळ वखारींत रुळली आहे; तीही नियमबाह्य ठरवण्यात आली आहे. इथेफॉनपासून इथिलीन वायू तयार करून तो खोलीत सोडणे वेगळे आणि इथेफॉनचे द्रावण थेट फळाला लावणे वेगळे. इथेफॉन हे कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेले रसायन आहे. फळ त्यात बुडवले की पिकवण्याचा विषय आपोआप रसायनांच्या अंशाचा विषय होतो.

आता दुसरा गुन्हा, म्हणजे कीटकनाशकाचा अंश. तो डोळ्याला दिसत नाही, नाकाला येत नाही. पुडी सापडते तसा तो सापडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील महागडी यंत्रे लागतात आणि एका नमुन्याच्या तपासणीला काही हजार रुपये खर्च येतो. आमचे मत असे की, आंब्याच्या हंगामात कार्बाइडवर धाडी पडल्याच्या बातम्या वारंवार वाचायला मिळतात आणि अंशावरील कारवाईच्या बातम्या क्वचितच, याचे कारण एवढेच आहे. अधिकारी जे दिसते तिथे जातो. यात त्याला दोष देण्याचेही कारण नाही.

हा अंश किती प्रमाणात आढळतो, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. केंद्रीय कृषी मंत्रालय २००५-०६ पासून देशभरातील भाजीपाला, फळे, धान्य, दूध वगैरेंचे नमुने तपासते. २०१४-१५ मध्ये असे २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांपैकी १८.७ टक्के नमुन्यांत कोणता ना कोणता अंश मिळाला आणि ५४३ नमुन्यांत, म्हणजे २.६ टक्के, तो मर्यादेपेक्षा जास्त होता. १२.५ टक्के नमुन्यांत त्या पिकावर परवानगीच नसलेली रसायने मिळाली. हे आकडे बेफिकीर राहण्यासारखे नाहीत, तसेच सर्व फळे विषारी आहेत, अशी आरोळी ठोकण्यासारखेही नाहीत. भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या चित्रफिती मात्र दुसऱ्याच प्रकारच्या असतात. कलिंगडात इंजेक्शन, सफरचंदावर मेण, द्राक्षांवर पांढरे विष. रमजानमध्ये कलिंगड आणि पपईचा खप सर्वाधिक असतो आणि नेमक्या त्याच वेळी या चित्रफिती बाहेर पडतात. त्यांचा फटका कुणाला बसतो, ते सांगायला नको. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत मुस्लिम फळविक्रेत्यांविषयी अफवा पसरवण्यात आल्या आणि नावे विचारून माल नाकारल्याच्या बातम्या देशाच्या अनेक भागांतून आल्या. म्हणून आमचे म्हणणे असे की, कायद्याची काटेकोर तपासणी ही या विक्रेत्याची शत्रू नाही. अफवेला उत्तर फक्त प्रयोगशाळेचा अहवाल देऊ शकतो.

शेतकरी कायद्याबाहेर, विक्रेता कायद्यात

आता मूळ तक्रारीकडे वळू.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा; त्याची देशभर अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून झाली. मर्यादेपेक्षा जास्त कीटकनाशक असलेले अन्न हे या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे 'असुरक्षित अन्न' आहे. एखादा माल केवळ कमी दर्जाचा ठरला, तर प्रशासनातील न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे दंडावर भागते. असुरक्षित ठरला, तर मात्र फौजदारी खटला होतो. कुणाला इजा झाली नसली तरी कलम ५९ खाली कैद आणि दंड आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ही कैद सहा महिन्यांवरून तीन महिन्यांपर्यंत खाली आणली, पण दंडाची मर्यादा एक लाखावरून तीन लाखांवर नेली. फळामुळे मृत्यू ओढवला, तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

हे सारे कुणाला लागू? कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, शेतकरी, त्याचे शेतीकाम, त्याचे पीक आणि शेतावरचा माल यांना हा कायदा लागू नाही. मग फवारणीचा कायदा पाहावा. तो १९६८ चा कीटकनाशक कायदा. त्यात रसायन बनवणारा आणि विकणारा यांच्यावर परवाने, निरीक्षक, तपासण्या सर्व काही आहे; पण कलम ३८ म्हणते की, स्वतःच्या कसणुकीतील जमिनीवर रसायन वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे फवारणी करणारा हात दोन्ही कायद्यांच्या बाहेर राहतो. माल शेतातून निघून दलालाच्या गाळ्यावर पोचला, की तिथून पुढे प्रत्येकजण 'अन्न व्यवसाय चालक' होतो आणि या साखळीचे शेवटचे टोक म्हणजे कोलशेतच्या फुटपाथवरची गाडी.

तेव्हा चाचांची तक्रार खरी आहे. तथापि कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होते, हेही समजून घ्यावे. लाखो अल्पभूधारकांच्या मागे निरीक्षक लावले, तर छळाला पारावार राहणार नाही. शेतकऱ्यालाही पुष्कळदा दुकानदार जे देतो तेच तो फवारतो. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो, हेसुद्धा सर्वांना माहीत नसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. तो तर स्वतःच बळी आहे. शेतकऱ्याला तुरुंगात टाका, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याला वगळल्याने जबाबदारी नाहीशी होत नाही, ती खाली सरकते. आणि जो सर्वांत कमी जाणतो, त्याच्या अंगावर ती येऊन पडते.

साहेबांच्या देशात द्राक्षे अडली तेव्हा

जबाबदारी शेतापर्यंत नेता येत नाही, असे जे म्हणतात त्यांनी आपल्याच राज्यातील द्राक्षांची हकीकत आठवावी. नाशिक आणि सांगलीची द्राक्षे युरोपात जातात. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट यांचे अंश मर्यादेबाहेर सापडले. सारा हंगाम धोक्यात आला. त्यानंतर निर्यात संस्था अपेडाने पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या मदतीने अंश तपासणीची योजना आखली आणि २००६ पासून 'ग्रेपनेट' सुरू केले. त्याची रीत सोपी आहे. निर्यात करू इच्छिणाऱ्याने आपली बाग नोंदवायची. कृषी खात्याचा अधिकारी बाग पाहतो. तोडणीपूर्वी त्या बागेतूनच नमुना निघतो आणि मान्य प्रयोगशाळेत जातो. पास झाला तर माल पुढे. नापास झाला तर त्या बागेविरुद्ध इशारा निघतो आणि ती द्राक्षे युरोपच्या पेटीत जाऊ शकत नाहीत. पेटीवरच्या क्रमांकावरून बाग शोधता येते.

इतकी व्यवस्था असूनही २०१० च्या एप्रिलमध्ये पुन्हा ठेच लागली. या वेळी क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागाईतदार 'लिहोसिन' या नावाने ओळखतात. हे कीड मारण्याचे औषध नव्हे. छाटणीनंतर काडीची वाढ आवरावी म्हणून ते देतात. द्राक्ष तोडण्याच्या कितीतरी महिने आधीचा तो वापर. पण ते वेलीत मुरते आणि पुढच्या घडात उतरते. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलो द्राक्षांत एक मिलिग्रॅम. आपल्या तपासणीच्या यादीत हे नावच नव्हते, त्यामुळे आपल्या प्रयोगशाळांनी ते शोधलेही नव्हते. माल युरोपच्या बंदरात अडकला, भाव कोसळले, बागाईतदार आणि निर्यातदार दोघेही कर्जात गेले. पुढे ते रसायन यादीत आले आणि तपासणी आणखी कडक झाली.

या हकीकतीत आम्हाला दोन गोष्टी दिसतात. खरेदीदार ठाम राहिला, तर बागेपर्यंत माग काढता येतो. त्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकावे लागत नाही, नोंद ठेवावी लागते. दुसरी गोष्ट बोचणारी आहे. युरोपसाठी नापास झालेली द्राक्षे जातात कुठे? देशातील बाजारात ती येऊ नयेत, अशी अडवणूक कुठे दिसत नाही. युरोपची आणि आपली मर्यादा प्रत्येक रसायनाबाबत सारखी नसते, म्हणून तिथे नापास झालेला माल येथे बेकायदेशीरच असतो, असे म्हणणे चूक ठरेल. शिवाय ज्या रसायनाची मर्यादा आपल्याकडे ठरलेलीच नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम अशी सरसकट कडक मर्यादा लागते. पण रॉटरडॅमच्या ग्राहकासाठी बागेचा क्रमांक आणि कोलशेतच्या ग्राहकासाठी कागदाचा कपटा, हा फरक डोळ्यांत भरतो.

बाजार मोकळा झाल्याने हा माग अधिक कठीण झाला आहे. मुंबईचा घाऊक फळबाजार १९९६ मध्ये क्रॉफर्ड मार्केटहून वाशीला गेला आणि पुष्कळ वर्षे ठाणे-कल्याणची फळे बहुतांश तेथूनच येत. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. शेतकऱ्याला थेट विकता यावे, हा हेतू चांगलाच होता. आता कुणी वाशीहून माल घेतो, कुणी कल्याणच्या बाजार समितीतून, कुणी जांभळी नाक्यावर, तर कुणी थेट टेम्पोवाल्याकडून. टेम्पोवाल्याचे नाव-गाव विचारण्याची पद्धत नाही.

बिल हीच हमी

आता कायद्यातील ती तरतूद, जी आमच्या मते प्रत्येक बागवानाने पाठ करावी. कलम २६ प्रमाणे पुढच्या विक्रेत्याला माल देणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या दर्जाची लेखी हमी दिली पाहिजे आणि बिल, कॅश मेमो किंवा इनव्हॉइस हीच ती हमी समजली जाते. वेगळा दस्तऐवज लागत नाही. कलम २७ प्रमाणे ज्या कारणांनी विक्रेता जबाबदार धरला जातो, त्यांत एक कारण असे की, माल कुणाकडून आला हे त्याला सांगता आले नाही. कलम ८० त्याला बचाव देते की, आपण योग्य ती सर्व काळजी घेतली होती. बिल हाती असेल, तर हा बचाव उभा राहतो आणि चौकशी वर, दलालाकडे सरकते. कच्ची चिठ्ठी असेल, तर साखळी गाडीवरच तुटते. अधिकाऱ्याने नोटीस दुसऱ्या कुणाला द्यावी? त्याला दुसऱ्या कुणाचे नावच माहीत नसते.

नमुना घेण्याच्या वेळचे हक्कही पुष्कळांना ठाऊक नसतात. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना तपासणीसाठी घेत असल्याची लेखी सूचना द्यावी लागते. साक्षीदार बोलवावा लागतो. नमुन्याची किंमत, बाजारात ग्राहकाला लागते त्या दराने, विक्रेत्याला मोजावी लागते. ती मागण्यात उद्धटपणा नाही. नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद करतात आणि त्यावर विक्रेत्याची सही किंवा अंगठा घेतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदावधित अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा भाग आपल्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी विक्रेता त्याच वेळी करू शकतो. दोन्ही अहवालांत फरक पडला, तर निर्देशित प्रयोगशाळेचा निकाल अंतिम. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि अहवाल विरुद्ध गेला, तर तो हाती पडल्यापासून ३० दिवसांत पदावधित अधिकाऱ्याकडे अपील करता येते. ही मुदत चुकली की हातातला मोठा आधार गेला. त्रास देण्याच्या हेतूने, सबळ कारण नसताना माल जप्त केला, तर अधिकाऱ्यालाही एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, कलम ३९. हे कलम अधिकाऱ्याच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही, पण ते आहे, हे माहीत असावे.

नोंदणीचेही तसेच. हातगाडीवाला, फेरीवाला यांना मोठा परवाना लागत नाही. त्यांच्यासाठी नोंदणी आहे, तीही नाममात्र फीमध्ये. ठाणे जिल्ह्यासाठीचे प्रशासनाचे कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे. ज्यांनी नोंदणी केलेली नाही, ते तपासणीच्या पहिल्या मिनिटालाच गुन्हेगाराच्या जागी उभे राहतात, मग फळ कितीही शुद्ध असो.

वखारवाल्यांसाठीही दोन शब्द. इथिलीनची पक्व खोली बांधायला भांडवल लागते. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून खर्चाच्या काही भागाचे अनुदान मिळते, परंतु ते बहुतांशी बँकेच्या कर्जाशी जोडलेले असते. व्याज टाळणाऱ्या आमच्या बांधवांची तिथे अडचण होते. चार-पाच वखारवाल्यांनी भागीदारीत एक खोली उभारून तीत इतरांचा माल भाड्याने पिकवणे, हा मार्ग आम्हाला अधिक व्यवहार्य वाटतो. मुंब्रा-भिवंडीकडे एवढी मिळकत एकत्र आणणे अशक्य नाही. या विषयावर आम्ही पुन्हा स्वतंत्रपणे लिहिणार आहोत.

कुणी म्हणेल, हे सारे कायद्याचे झाले, धर्माचे काय? मदिनेच्या बाजारातील तो प्रसंग आपल्या वाचकांना माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले धान्य वर, लोकांना दिसेल असे का ठेवले नाहीस, असा प्रश्न त्याला करण्यात आला. पाऊस पडला हा त्याचा अपराध नव्हता. ओल झाकली हा होता. पेटीत कार्बाइडची पुडी ठेवणारा नेमके हेच करतो, त्याबद्दल वाद नाही. कीटकनाशकाचा प्रश्न अवघड आहे. गाडीवाल्याला आत काय आहे ते खरोखरच माहीत नसते. परंतु आमच्या मते, माल कुठून आला हे न विचारण्याची सवय आणि दलालाने ते न सांगण्याची सवय, यांना निव्वळ अज्ञान म्हणता येणार नाही. बिल मागितले तर पेटीमागे दहा रुपये वाढतील, या भीतीने आपण ते मागत नाही. ग्राहकही या दोषातून सुटत नाही. त्याला मार्चमध्ये पिवळाधमक हापूस हवा असतो, तोही हिरव्यागार कैरीच्या भावात.

ग्राहकांसाठी एवढेच सांगू की, फळ वाहत्या पाण्यात धुतल्याने वरचा अंश कमी होतो. गरात मुरलेला जात नाही. साल काढून खाण्याचा काही अंशी उपयोग होतो. संशय असेल तर विक्रेत्याशी भांडण्यापेक्षा प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.

ही माहिती आम्ही कोलशेतच्या चाचांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बिल माँगूँगा तो बोलेगा, दूसरे गाले पे जाओ." आम्ही म्हणालो, एकट्याने मागाल तर म्हणेल, या रस्त्यावरच्या पंधरा गाड्यांनी एका दिवशी एकाच गाळ्यावर मागा. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर खात्री दिसली नाही.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. पंधरा नव्हे, सहा जणांनी मिळून मागितले होते. दलाल आधी हसला, मग रागावला आणि शेवटी छापील पुस्तकातून सहा बिले फाडून दिली. चाचांनी आपले बिल प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. आम्ही ते हातात घेऊन पाहिले. गाळ्याचा क्रमांक होता, तारीख होती, सहीही होती. मालाच्या रकान्यात फक्त 'फ्रूट' असे लिहिले होते. पपई की केळी, किती पेट्या, कुठला माल, यातले काहीच नव्हते. पुढच्या खेपेला तेही लिहून घ्या, असे आम्ही त्यांना सांगून आलो आहोत.